पोटच्या पोराची माफी कशी मागावी: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

रागाच्या भरात मुलावर हात उचलला. नातेवाइकांसमोर त्याची लाज काढली. मुलीची डायरी चोरून वाचली आणि वर तिलाच जाब विचारला. यातलं काहीतरी घडतं, आई-बाप रात्रभर तळमळतात, आणि सकाळी वडील न बोलता पोराच्या आवडीची मिसळ बांधून आणतात. आई ताट वाढून खोलीत ठेवून येते. फारच झालं तर दारात उभ्या उभ्या "बरं, सॉरी, पण तूसुद्धा जरा..." एवढं अर्धवट वाक्य पडतं. मोठ्यांच्या लेखी विषय संपला. पोराच्या लेखी तो तिथेच असतो, आणि काही महिन्यांनी "हा घरात कोणाशी धड बोलतच नाही" म्हणत हेच पालक समुपदेशकाकडे येऊन बसतात.

बहुतेकांचा पश्चात्ताप खरा असतो. चुकतो तो क्रम. वागणं बदलायच्या आधी शब्द येतात, आणि माफी मागता मागता मुलाकडूनच काहीतरी मागितलं जातं: क्षमा, मिठी, "आता हस बघू एकदा". पुढचे टप्पे साधारण 13 ते 20 वर्षांच्या मुलामुलींसाठी आहेत. माफीच्या बदल्यात त्यांना काहीही द्यावं लागू नये, या एका हिशेबाने ते लावले आहेत.

## सुरू करण्याआधी: हा मार्ग तुमच्यासाठी आहे का?

काही प्रकरणं माफीने सोडवायची नसतात.

घरातल्या किंवा ओळखीच्या कोणी मुलाशी लैंगिक गैरवर्तन केलं असेल, तर "घरातल्या घरात माफी मागून मिटवू" हा विचारच सोडा. पॉक्सो कायद्यानुसार (2012) अशी माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. त्या माणसाला मुलासमोर माफीसाठीसुद्धा आणू नये. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आहे.

मारहाण अजून सुरू असेल तर आधी मुलाची सुरक्षितता. मूल 18 च्या आतलं असेल आणि ते ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच क्रूरपणे वागवलं, तर बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आई-बाप त्यातून सुटत नाहीत.

मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर माफीचा मसुदा बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, 14416 (टेली-मानस, मोफत, मराठीतही) वर फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा.

घटस्फोट किंवा ताब्याचा खटला चालू असेल, तर न्यायालयाने घातलेल्या अटींच्या बाहेर जाऊन भेटायला धावू नका. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्यामार्फत विचारा.

## टप्पा 1: आधी ते वागणं थांबवा

ज्या गोष्टीची माफी मागायची, ती पुन्हा घडू नये म्हणून तुम्ही नेमकी काय तजवीज केली आहे? याचं उत्तर "आता मी शांत राहणार" असं असेल तर काहीच तजवीज केलेली नाही. तजवीज दिसली पाहिजे. उदाहरणार्थ: आवाज चढायला लागला की मी चपला घालून खाली जाईन आणि तो विषय दुसऱ्या दिवशीच काढीन. जेवताना मार्कांचा विषय निघणार नाही. मुलीचा फोन माझ्या हातात असणार नाही. हे जोडीदाराला सांगून ठेवा, म्हणजे तुम्हाला आठवण करून देणारं कोणीतरी असेल.

दारू पिणाऱ्या पालकांनी तर हा टप्पा अजिबात ओलांडू नये. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या 12 पायऱ्यांमध्ये आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करणं ही आठवी पायरी आहे आणि त्यांची प्रत्यक्ष भरपाई करणं ही नववी. म्हणजे त्याआधी बरंच काम स्वतःवर करायचं असतं. नवव्या पायरीला अटही आहे: त्या भरपाईने समोरच्याला किंवा आणखी कोणाला इजा होणार असेल तर ती करायची नाही. अशा घरातल्या मुलांनी सकाळची रडकी माफी इतक्यांदा ऐकलेली असते की पुढचं वाक्य त्यांना तोंडपाठ असतं. आधी उपचार. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतं आहे, आणि व्यसनी माणसाच्या घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी 'अलटीन' नावाचे स्वतंत्र स्वमदत गट असतात. प्यायलेल्या अवस्थेत मागितलेली माफी मुलाच्या लेखी शून्य असते, कधी कधी शून्याच्याही खाली.

मग तोवर मुलाने काय समजायचं? त्यासाठी तात्पुरतं एक वाक्य त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सांगून टाका: "काल मी जे केलं ते चूक होतं. मी त्यावर नीट बोलणार आहे. तुला काही करायचं नाही." एवढंच बोला आणि खोलीबाहेर या.

सावध: "तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो" असं कधीही करू नका. शपथ मोडली तर आपल्याला काही होईल, ही भीती त्या मुलाच्या डोक्यात राहते. व्यसन तुमचं आणि तारण पोराचं, असा तो व्यवहार होतो.

तपासा: मारहाण किंवा व्यसन असेल तर तजवीज ठरवल्यापासून काही आठवडे ती टिकली आहे का? एखाद्या वेळच्या अपमानाला दोन-चार दिवस पुरतात.

## टप्पा 2: घडलं ते कागदावर उतरवा

वही घ्या आणि पंचनामा लिहावा तसं लिहा: कधी, कुठे, कोणासमोर, कोणते शब्द, हाताने काय केलं. "खूप बोललो" चालणार नाही. "'तुझ्यासारखी मुलगी नसती तर बरं झालं असतं' असं म्हणालो" हे चालेल. लिहिताना हात अडेल. तिथेच खरी गोष्ट असते.

प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' आहे ना ते बघा. "हात उठला", "तोंडातून निघून गेलं", "तेव्हा तसं झालं" अशा वाक्यांत करणारा माणूसच गायब असतो.

त्याखाली लिहा: या प्रकाराने मुलाचं काय गेलं? "त्याला वाईट वाटलं" हे फार स्वस्त उत्तर आहे. क्लासच्या मुलींसमोर ओरडल्यामुळे तिने क्लास सोडला. आत्याकडे जाणं बंद झालं. चित्रं काढायचं थांबलं. डायरी लिहिणंच संपलं. आठवत नसेल तर जोडीदाराला विचारा, मुलाला मात्र यादी करायला बसवू नका. आणि ही वही घरातल्या ज्येष्ठांना दाखवू नका. "आम्हाला तर पट्ट्याने मारायचे, काय बिघडलं आमचं?" हे ऐकून तुम्ही दहा मिनिटांत निम्मी पानं खोडाल.

## टप्पा 3: मसुदा लिहा, मग त्यातलं तण काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक मसुदा पाहू. दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांनी आत्या-काकांसमोर मुलाला घालूनपाडून बोललं होतं. पहिल्या झटक्यात असा मजकूर येतो:

"बाळा, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो. ऑफिसचं टेन्शन होतं. पण तुझ्या भल्यासाठीच बोललो ना? तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. आता विसरून जा आणि अकरावीला मन लावून अभ्यास कर."

वाचायला प्रेमळ वाटतं. आता एकेक शब्द उचलून बघा. "जरा जास्तच" म्हणजे थोडं कमी बोललं असतं तर योग्यच होतं. "टेन्शन होतं" म्हणजे दोष ऑफिसचा. "भल्यासाठीच" या शब्दाने अपमान परत मुलाच्याच उपकारखात्यात जमा होतो, वर "ना?" लावून त्याच्याकडून होकारही मागितला जातो. "वाईट वाटलं असेल तर" म्हणजे प्रश्न त्याच्या हळवेपणाचा. "विसरून जा" हा हुकूम आहे. आणि शेवटी अभ्यास आला, म्हणजे ही माफी नसून प्रवेशप्रक्रियेचं प्रास्ताविक होतं.

तण काढल्यावर उरतं ते असं:

"निकालाच्या दिवशी आत्या आणि काकांसमोर मी तुला म्हणालो, 'कुठल्या तोंडाने पेढे वाटायचे?' तुझ्या 68 टक्क्यांची मी सगळ्यांसमोर चेष्टा केली. ते चूक होतं. मार्क कितीही असते तरी चूकच होतं. त्यानंतर तू आत्याकडे येणं सोडलंस, गणपतीलाही आला नाहीस. ते माझ्यामुळे. माझं चुकलं, मी तुझी माफी मागतो. यापुढे तुझ्या मार्कांबद्दल मी तुला विचारल्याशिवाय कोणाशीही बोलणार नाही."

यात काय केलं ते नेमकं आहे, त्याचा परिणाम आहे, पुढचं एक पाळता येण्याजोगं वचन आहे. वचन एकच ठेवा. "यापुढे कधीच ओरडणार नाही" हे वचन पुढच्या आठवड्यात मोडेल, आणि मग आधीचं सगळंही खोटं ठरेल.

स्वतःच्या लहानपणाची गोष्ट यात घालू नका. "माझे वडील मला यापेक्षा वाईट मारायचे" हे खरं असेल, दुःखदही असेल, पण ते ऐकलं की पोराला तुमचं सांत्वन करावं लागतं. त्याने पुढे कधी स्वतःहून विचारलं, "तुम्ही असे का वागता?" तर तेव्हा सांगा.

तपासा: मसुद्यात "पण", "तर", "तूसुद्धा", "भल्यासाठी", "जरा" यांपैकी काही उरलं आहे का? मोठ्याने वाचायला दोन मिनिटांहून जास्त लागतात का? लागत असतील तर कापा.

## टप्पा 4: वेळ आणि जागा

बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते. त्या काळात हे प्रकरण काढू नका. वाढदिवस नको. सणही नको, आणि संक्रांत तर नकोच: हातावर तिळगूळ ठेवला की समोरच्याला गोड बोलणं भाग पडतं, आणि तुम्हाला नेमकं तेच टाळायचं आहे.

जागा अशी हवी जिथून मूल उठून जाऊ शकेल. गाडीत शेजारी-शेजारी बसून बोलणं सोपं जातं, डोळ्यांत बघावं लागत नाही, हे खरं; पण चालत्या गाडीतून त्याला उतरता येत नाही. त्यापेक्षा चालत जा. घर लहान असेल आणि खोलीत आजी, धाकटा भाऊ, टीव्ही सगळंच असेल, तर गच्ची, सोसायटीतला बाक, गावी असाल तर शेताचा बांध. त्याच्या खोलीत आत शिरून दार लावून घेऊ नका.

आधी विचारा: "मला दहा मिनिटं बोलायचंय, त्या निकालाच्या दिवसाबद्दल. ओरडणार नाही. आज, उद्या, तुला जमेल तेव्हा. नको असेल तरी चालेल." विषय आधीच सांगा, नाहीतर "बोलायचंय" एवढं ऐकूनच पोराच्या पोटात गोळा येतो.

घरातल्या इतरांना एका ओळीत कल्पना द्या. हे केलं नाही तर तुमचं बोलून होतं न होतं तोच कोणीतरी म्हणतं, "बघ, बापाने एवढी माफी मागितली, आता तू पाया पड त्यांच्या." आणि सगळं मुसळ केरात.

## टप्पा 5: बोला आणि गप्प बसा

बसून बोला, त्याच्या पातळीवर. फोन घरी ठेवा. मसुदा पाठ नसेल तर कागद हातात घेऊन वाचा. लाज वाटेल, पण कागद बघून मुलाला एवढं कळतं की तुम्ही यावर बसून विचार केला आहे.

बोलून झालं की थांबा. "माफ केलंस ना?" विचारू नका. जवळ ओढू नका. काही वडील भावनेच्या भरात मुलाचे पाय धरतात किंवा स्वतःचे कान पकडतात. आपल्याकडे हे फार मोठं वाटतं, पण 15 वर्षांच्या पोराला त्या क्षणी फक्त धडकी भरते आणि तो "नको नको, जाऊ दे" म्हणून मोकळा होतो. ती सुटका तुमची झाली, त्याची नाही.

डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. हुंदके यायला लागले तर "मला जरा थांबू दे" म्हणा. त्याला पाणी आणायला पाठवू नका.

मूल होस्टेलवर असेल किंवा समोर बसायलाच तयार नसेल, तर हाताने लिहिलेलं पत्र चांगलं. वाचायचं की नाही, कधी, किती वेळा, हे त्याच्या हातात राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका दिसतात आणि उत्तराची वाट बघणं सुरू होतं. दुसरा मार्गच नसेल तर मेसेज करा, शेवटी "उत्तर द्यायची गरज नाही" लिहा आणि मग खरोखरच विचारू नका.

## टप्पा 6: त्याचं उत्तर

नुसतं "हं" येईल. खांदे उडतील. क्वचित हसूही येईल, त्यात अपमान नसतो, अवघडलेपण असतं. "मला नाही माफ करायचं" असंही येईल. या सगळ्याला तुमचं उत्तर एकच: "ठीक आहे. ऐकलं मी."

अवघड असतं ते पुढचं. कधी कधी बांध फुटतो आणि मूल पाचवीतली, सातवीतली प्रकरणं बाहेर काढतं, जी तुम्हाला आठवतही नसतात. इथे नव्वद टक्के माफ्या पाण्यात जातात असं म्हटलं तरी चालेल, कारण पालक लगेच तपशील दुरुस्त करायला लागतात: "अरे, त्या दिवशी मी नव्हतो, आई होती." तपशिलावर वाद घालू नका. ऐका, नंतर वहीत लिहा, आणि दोन दिवसांनी म्हणा, "तू सातवीतलं जे सांगितलंस त्यावर मी विचार केला."

सावध: पटकन आलेलं "ठीक आहे, बाबा, काही नाही" हे सर्वांत फसवं उत्तर आहे. घाबरलेली मुलं तेच देतात. त्याला तडजोड समजून टप्पा 7 गाळू नका.

## टप्पा 7: भरपाई, जिनसेला जिन्नस

अपमान ज्यांच्यासमोर झाला, दुरुस्ती त्यांच्यासमोर व्हायला हवी, पण मुलाच्या परवानगीने. फॅमिली ग्रुपवर निकालाचा फोटो टाकून टोमणा मारला असेल तर त्याच ग्रुपवर दोन ओळी. त्या आधी मुलाला दाखवा. तो "नको, परत तो विषयच नको" म्हणाला तर टाकू नका. आत्याला फोन करून एकट्यात सांगा, तेही त्याला विचारून.

फोडलेला फोन भरून द्यायचा तर साधारण तशाच किमतीचा, माफीच्या दिवशी नाही, आणि अटींशिवाय. महागडा फोन आणला की ती लाच दिसते. मुलीची डायरी वाचली असेल तर कुलपाचा खण द्या, दोन्ही किल्ल्या तिच्याकडे, आणि त्यातलं तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत ती नावं तिला खरी खरी सांगा. हे फार जड जातं, पण तिला ते कुठूनतरी कळतंच. ओवाळणीचे, बक्षिसाचे साठवलेले पैसे घरखर्चाला वापरले असतील तर किती घेतले ते लिहून, हप्त्याने का होईना, परत करा. "तुलाच तर जेवायला घातलं" हा हिशेब इथे लागत नाही.

शिक्षकांसाठी थोडं वेगळं. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. वर्गात अपमान केला असेल तर विद्यार्थ्याला विचारून वर्गातच माफी मागा. त्याला एकट्याला स्टाफरूममध्ये बोलावू नका. अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत हे तो तिथे क्षणभरही विसरत नाही. मुख्याध्यापक आणि पालकांना आधी कळवा.

## टप्पा 8: नंतरचे महिने

"अजून राग आहे का?" हे विचारू नका. विश्वास परत येतो तेव्हा तो बारीकसारीक गोष्टींत दिसतो: खोलीचं दार थोडं उघडं राहतं, कॉलेजातली एखादी फालतू गोष्ट जेवताना सांगितली जाते, फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत लागतो. दिसलं की त्यावर टिप्पणी करू नका. "वा, आज बोललास!" म्हटलंत की दार पुन्हा बंद.

माफी मागितली म्हणून घरातले नियम रद्द होत नाहीत. काही पालक अपराधीपणापोटी सगळंच सोडून देतात. रात्री दोनपर्यंत गेम चालू, हे मुकाट बघत राहतात आणि महिन्याभराने एकदम फुटतात. नियम ठेवा, शांतपणे सांगा, फक्त माफी आणि नियम एकाच बैठकीत नको. मध्ये निदान आठवडा जाऊ द्या.

पुन्हा आवाज चढलाच तर त्याच दिवशी दोन वाक्यं: "मी ओरडलो, ते चूक. खाली जायचं ठरवलं होतं, गेलो नाही." मग तजवीज बदला, कारण जी होती ती चालली नाही. पुन्हा हात उचलला गेला तर मात्र नवा मसुदा लिहायला बसू नका. दुसरी माफी आता त्या घरात खपणार नाही. मुलाला काही दिवस मामाकडे, आजीकडे किंवा त्याला सुरक्षित वाटेल तिथे राहायचं असेल तर अडवू नका, आणि 14416 वर फोन या वेळी स्वतःसाठी करा. तो 24 तास चालू असतो. समुपदेशकाकडे पहिली वेळ एकट्याने घ्या, पोराला बरोबर नेऊ नका.